सव्वीस पाकिटं

सत्यम सर तनुजाला पहिल्यांदा दिसले ते किनवटच्या स्टेशनवर, बाकावर पोट धरून बसलेले. नांदेडहून माझ्याच गाडीनं आले होते, आश्रमशाळेत नोकरीवर रुजू व्हायला. तनुजा उपकेंद्राची नर्स, माझी भाडेकरू. डोळे तपासून परतलेल्या मला घ्यायला आली होती.

तिनं त्यांच्या हातातली बाटली पाहिली. "काय पिऊन राहिलात?"

"मिठाचं पाणी... जुलाब होताहेत."

"नुसतं मीठ? साखर कुठंय?"

"साखरेनं काय होतं?"

तनुजानं सुस्कारा सोडला. पस्तीस वर्षं मीही नर्सच होते. तो सुस्कारा माझ्याकडूनच उचललेला.

"आतड्याच्या पेशीला पडदा असतोय. त्यात एक दार. मीठ एकटं आलं की ते उघडत न्हाई, साखर सोबत पाहिजे. दोघं मिळून आत गेले की पाणी मागनं आपोआप जातंय. विषय कोणता शिकवता सर?"

"...जीवशास्त्र."

ती हसली नाही. पण पर्समधलं ओआरएसचं पाकीट फोडताना तिनं ओठ दाताखाली धरला होता, तेवढं मला दिसलं.

त्यानंतर सर एक दिवसाआड उपकेंद्रात. निवृत्तीनंतर मीही तिथंच, तनुजाच्या मदतीला. तक्रार एकच — जुलाब. पाकीट घ्यायचं, स्टुलावर बसायचं. "ते दाराचं परत सांगा ना, सिस्टर." ती केसपेपरच्या मागं पडदा काढायची, दार काढायची. सर चित्र सोडून तिच्या बोटांकडं बघत राहायचे.

"मावशी, या माणसाचं आतडं हाय की चाळणी?" ती वैतागून मला विचारायची. रजिस्टरात त्यांच्या नावाची रांग लागलेली. पण तिच्या आवाजात काळजी होती, आणि अलीकडं त्यांना उशीर झाला की ती दाराकडं बघायची.

मी काय सांगणार? उदगीरला माझ्या तरुणपणी एक कंपाउंडर होता. तीन वर्षं रोज माझ्या टेबलावर पेन विसरायचा. बदली झाली त्या दिवशी पेन तेवढं आठवणीनं घेऊन गेला. चव्वेचाळीस वर्षं झाली, अजून राग जात नाही.

म्हणून सरांना गाठून सरळ बजावलं. "रविवारी शिरूर अनंतपाळची माणसं तिला बघायला येणारेत. बोलायचं तर आत्ता बोला."

"हाव मावशी. बोलतोच."

आत गेले. भांग नीट केला. "सिस्टर..."

"बोला सर."

"...एक पाकीट द्या."

मी कपाळ बडवून घेतलं.

शुक्रवारी आश्रमशाळेच्या वसतिगृहात चौदा मुलींना जुलाब सुरू झाले. तनुजा आणि मी तिथं धावलो. दुपारी तीनला पाकिटं संपली. मी चुलीवर पाणी उकळत ठेवलं. लिटरला साखर सहा चमचे, मीठ अर्धा. तेवढ्यात सर धापा टाकत आले आणि दप्तर टेबलावर उलटं केलं. पाकिटंच पाकिटं. तनुजानं मोजली. सव्वीस. एकही फोडलेलं नाही.

"सर, हे काय?"

"तुम्हीच दिलेली..."

"सव्वीस वेळा जुलाब लागले होते ना तुम्हाला?"

"एकदाच. स्टेशनवर."

तिचे कान लाल झाले. "नांदेडच्या डॉक्टरला दोनदा फोन केला मी. तुमच्या आतड्यापायी मला घास गोड लागंना, आन् तुम्ही..." तिनं पाण्याचा जग त्यांच्या हातात आदळला. "पाणी मोजा. एक लिटर. तेवढं तरी जमंल ना?"

सर निमूट पाणी मोजत राहिले, ती पाकिटं फोडत राहिली. दोघांनी मिळून चौदा जणींना घोट घोट पाजलं. ऊन कललं तोवर मुली उठून बसल्या, एकमेकींच्या वेण्या ओढू लागल्या.

आता तरी बोलतील म्हणून मी मुद्दाम चुलीकडं तोंड फिरवून बसले. सर रिकाम्या दप्तराचा पट्टा चाळवत उभे. "सिस्टर, रविवारी..."

"रविवारी काय?"

"...काही नाही. मुली बऱ्या आहेत."

माझ्या हातातली पळी त्यांच्या डोक्यात जायचीच बाकी होती. पण तनुजानं मोबाइल उचलला. गावी, वडिलांना.

"आबा, रविवारचं राहू द्या... न्हाई, बरी हाय मी... इथं एक जण सव्वीस वेळा येऊन बसलाय, त्याच्या तोंडून शब्द फुटंना. आता मीच विचारते, मग सांगते तुम्हाला."

तिनं फोन ठेवला. वळली.

"हाव," सर म्हणाले.

अजून तिनं काही विचारलंही नव्हतं.