बोटावरची टोपी

केळ्याच्या सालीखाली एक चिमुकली रबरी टोपी पडली होती. बोटावर चढवतात, तेवढीच.

डॉक्टरीणबाईंनी ती कचऱ्याच्या टोपलीतून उचलली, तेव्हा खाटेवरच्या काकू मास्कमधून श्वासासाठी झगडत होत्या. कॅन्सरच्या गोळीने त्यांच्या फुप्फुसांना सूज आली होती. मोठी जहाल गोळी, उघड्या हाताने धरायचीही नाही असली. ती लगेच बंद केली, स्टेरॉइड सुरू केलं. अतिदक्षता विभागात काकू सुधारल्याही. खोलीत आणलं आणि पुन्हा तीच धाप! जंतुसंसर्ग म्हणावा, तर तपासण्या स्वच्छ. संध्याकाळपर्यंत उतार पडला नाही तर व्हेंटिलेटर, आणि तिथून परत येण्याची आशा फारच थोडी. डॉक्टरीणबाईंची मती गुंग झाली होती.

काकूंच्या नवऱ्याकडे त्या वळल्या. घड्याळं दुरुस्त करण्यात काकांची हयात गेली होती.

"काका, ही टोपी तुमची?"

"हो. यंत्राला बोटांचा घाम लागू नये म्हणून घालतो. खिशात असतातच."

"इथे कुठलं घड्याळ उघडलंत?"

काकांनी खिशावर हात ठेवला.

"केळं कोण भरवतं?"

"मीच. कुस्करून. दुसरं काही गिळवत नाही तिला."

"अतिदक्षता विभागातही भरवायचात?"

"तिथे मला आत कुठे सोडत होते!"

डॉक्टरीणबाई स्टुलावर बसल्या.

"म्हणूनच त्या तिथे सुधारल्या. केळ्याला टोपी लागत नाही, काका. गोळीला लागते. गोळीला उघडा हात लावू नका, हे सिस्टरनी बजावलेलं तुम्ही तंतोतंत पाळलंत आणि बंद केलेली गोळी केळ्यात कालवलीत. उरलेल्या द्या इकडे."

काकांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढली.

"ह्या गोळीनेच गाठ निम्मी झाली होती, डॉक्टर. तुम्ही बंद केलीत आणि माझ्या पायाखालची जमीनच सरकली. मीच मारलं का हो तिला?"

डॉक्टरीणबाईंनी पट्टी आपल्या खिशात टाकली.

काकूंनी मास्क जरासा सरकवला.

"ह्यांना बोलू नका. मला ठाऊक होतं. केळं कडू लागायचं."

"मग खाल्लंस कशाला?" काका ओरडलेच.

"तुम्हाला..." काकूंना दम लागला. "तेवढंच तर करता येत होतं."

डॉक्टरीणबाईंनी मास्क पुन्हा नीट बसवला. काका उघड्या हातांनी काकूंची बोटं धरून बसले. आता भरवण्यासारखं त्यांच्याजवळ काहीच उरलं नव्हतं.