धोंड्याचा जावई

कळंबच्या कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली शिवकन्या वकीलबाईंचं टेबल होतं. अधिक महिन्यातल्या एका दुपारी त्या टेबलासमोर उन्हानं लालबुंद झालेला एक उंच गोरा तरुण येऊन उभा राहिला, आणि आजूबाजूच्या वकिलांची कामं जागच्या जागी थांबली.

"इंग्लिश लॉयर?" त्यानं विचारलं.

सगळ्यांनी शिवकन्येकडे बोट दाखवलं. दुसऱ्याला पुढं करण्यात वकिलांचा हात कोण धरणार? तिनं कायदा इंग्रजीत वाचला होता खरा, पण बोलायची वेळ आजवर कुणी आणली नव्हती.

"व्हॉट… व्हॉट इज युवर केस?"

तो जो सुटला तो सुटलाच. तिला त्यातलं 'मॅरेज' तेवढं कळलं. तिचा चेहरा बघून तो थांबला आणि चक्क म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. मला शेळ्यांची मराठी येती. कायद्याची येत न्हाय, म्हणून इंग्लिश बोलणारा वकील हुडकत व्हतो."

शिवकन्येला हसू आवरेना. हा न्यूझीलंडचा ल्यूक. उस्मानाबादी शेळ्यांवर अभ्यास करायला वर्षभर ईट गावात वैजनाथअण्णांच्या घरी राहिलेला.

"काल अण्णांनी मला पाटावर बसवलं," तो सांगू लागला. "पाय धुतले, कुंकू लावलं, नवे कपडे दिले, पुरणाचे धोंडे खाऊ घातले. आता समदं गाव मला जावई म्हणतंय. वकीलबाई… माझं लगीन झालंय का?"

अधिक महिन्यात जावयाला धोंडे जेवायला बोलावतात, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. अण्णांचा जावई फौजेत. त्याला सुट्टी मिळाली नसणार, म्हणून रिकाम्या पाटावर घरातल्या पाहुण्याला बसवलं असणार. एवढं सांगितलं की काम संपलं! उत्तर ओठांवर आलंसुद्धा. पण त्याच्या कपाळावरचा कुंकवाचा पुसट डाग, ते घाबरं बघणं…

"बघावं लागंल," ती म्हणाली. "सोमवारी या."

असं आपण का म्हणालो, हे तिचं तिलाच कळेना.

सोमवारी तिनं गुरुवारची तारीख दिली, गुरुवारी पुन्हा सोमवारची. प्रत्येक तारखेला चहा व्हायचा. तो शेळ्यांची नक्कल करायचा, ती पदर तोंडाला लावून हसायची. घरी गेल्यावर मात्र जेवण गोड लागत नसे. बिचाऱ्याच्या जिवाला घोर लावलाय, सांगून टाक, असं एक मन म्हणे. सांगितलंस की गेला, असं दुसरं. अशिलावर जीव जडतो का कुणाचा? की हे नुसतं खूळ?

एका तारखेला तो गंभीर होऊन आला.

"माझं काम संपलं. परतीचं तिकीट काढू का, असं तिकडनं विचारत्यात. काय सांगू?"

शिवकन्येनं हातातली फाइल मिटली. आता लपवणं म्हणजे पापच.

"जावा," ती खाली बघत म्हणाली. "तुमी मोकळे हाव. पैल्या दिवसापासनं. फौजेतल्या जावयाचा मान तुमाला दिला, तेवढंच. मला ठाऊक व्हतं… मीच उगं तारखा दिल्या."

तिनं भीत भीत वर पाहिलं, तर गडी गालात हसत होता.

"मला बी ठाऊक व्हतं. तुमाला पैल्यांदा भेटलो त्याच सांजेला अण्णांच्या घरच्या सिताकाकूंनी सांगितलं. लई हसल्या."

"मग येत का व्हता?"

"तुमी तारीख देत व्हता की!"

ती कानापर्यंत लाल झाली. राग यावा की रडू, काही समजेना.

"एक कायद्याचं विचारू?" तो हळूच म्हणाला. "परदेशी माणसाला इथल्या पोरीशी लगीन करायचं असंल तर?"

"नोटीस द्यावी लागती," तिनं वकिली आवाज काढला. "महिनाभर ती बोर्डावर ऱ्हाती. कुणाची हरकत आली तर सुनावणी."

"हरकत कोण घेईल?"

"आमचे दादा घेतील, दुसरं कोण?" बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

ल्यूकच्या चेहऱ्यावर ऊन पसरलं. "मग… माझं वकीलपत्र घ्याल?"

तिनं मान हलवली. नाही. त्याचा चेहरा उतरला.

"ते जमायचं न्हाय," शिवकन्या म्हणाली, आणि आता तिचा आवाज जराही अडखळला नाही. "इंग्लिश बोलणारा वकील दुसरा बघा. ज्या प्रकरणात मी सोताच पक्षकार हाय, त्यात मला तुमची वकिली करता येत न्हाय."