दरवाजा नसलेली रेघ

वीज गेली, संगणक बंद पडले आणि नकाशांच्या कचेरीतल्या दोन शिकाऊ मुली मोजणीकाकांच्या खुर्चीशी येऊन बसल्या. काकांची निवृत्ती महिन्यावर आली होती. जीभ मात्र अजून सेवेत होती.

“ऐकीव नाही हं,” ते म्हणाले. “माझ्या शेजारच्या टेबलावरच्या आरेखकाची गोष्ट. खोटं रचावं एवढी कल्पनाशक्तीच नव्हती बिचाऱ्याकडे.”

मोठा चौक तेव्हा नव्याने बांधून झाला होता. एका अंगाला घड्याळाचा दगडी मनोरा, समोर बँकेची काचेची इमारत. मनोऱ्याचे प्रतिबिंब नेमके काचेत पडावे, अशा बेताने ती तिरकी बसवलेली. चौकाच्या जागी पूर्वी तटबंदीचे आवार होते आणि त्याला एकच दरवाजा. तट केव्हाच पाडलेला. पण तो कुठून जात होता हे चालणाऱ्याला पायांखाली वाचता यावे, म्हणून पांढुरक्या फरशीत काळ्या दगडाची रेघ बसवली. दरवाजाच्या जागी ती नऊ फूट तुटायला हवी होती.

ती तुटली नाही. क्षेत्रफळ काढण्यासाठी संगणकावर आकृती बंद करावी लागते. आरेखकाने दोन टोके जोडली आणि पुन्हा सोडवायला विसरला. चूक ध्यानात आली, तोवर दगड बसले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत तो गप्प राहिला.

उद्घाटनाच्या आदल्या मंगळवारी, रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी, तो रेघेच्या आत, फरशीतल्या दिव्यांचा उजेड मोजायला गेला. काम वीस मिनिटांचे. घर पाच मिनिटांवर. आईपाशी बसणारी बाई बाराला जायची, आणि आई एकटी राहिली की दार उघडून भरकटायची. एकदा जिन्यावरून पडलीही होती.

साडेअकरा. रेघ ओलांडून तो निघाला... आणि समोर मनोरा. वास्तविक तो पाठीशी हवा होता.

वळून पुन्हा ओलांडली. समोर मनोरा.

धावत जाऊन पाहिले. मनोरा.

फोन वाजला. “दादा, बारा वाजत आले. मी बाहेरून कडी लावून निघू का?”

“नको! कोंडू नका तिला. थांबा जरा, आलोच.”

“रोज ‘आलोच’ म्हणता. बाराच्या ठोक्याला निघणार हं मी.”

त्याची नजर काचेकडे गेली. काचेत चौक उमटला होता. मनोरा होता. दिवे होते. तो स्वतः होता. आणि त्याच्या पाठीमागे, काळ्या रेघेवर, दोन पुरुष उंचीचा तट. अखंड.

त्याने मागे पाहिले. नुसती फरशी.

मग थाप ऐकू आली. रेघेपलीकडून. जिथे दरवाजा असायला हवा होता, तिथूनच.

एक...

थांबून, दुसरी.

“कोण आहे?”

खिशात खडू होता. तो गुडघ्यांवर बसला. टेप लावून नऊ फूट मोजले. दोन्ही टोकांना खुणा केल्या. नकाशात दार दाखवतात तसेच काढले: दाराची सरळ फळी, आणि ती जेवढी फिरेल तेवढे पाव वर्तुळ. बाहेर उघडणारे.

थाप थांबली.

गार वारा आला. तो डोळे मिटून धावला. उघडले, तेव्हा मनोरा पाठीशी होता. घरी पोचला तेव्हा बाई पायात चपला घालत होती.

काका थांबले.

“खडू काय, पहिल्या झाडूला जातो,” दोघींतली चिकित्सक मुलगी म्हणाली. “म्हणजे पुरावा शून्य.”

“टेप आहे ना तुझ्याकडे? मग जा उद्या.”

ती गेली. भर दुपारी, माणसांच्या गर्दीत. काळी रेघ सलग होती. खडूचा मागमूस नव्हता. पण दगडी फरशीत बोटभर खोल, पाव वर्तुळाचा ओरखडा होता. वर्षानुवर्षे जड दार घासत राहावे तसा गुळगुळीत. तिने टेप लावली. रेघेपासून बरोबर नऊ फूट.

तिने दुसऱ्यांदा मोजले, मग तिसऱ्यांदा. माप चुकत नव्हते.

खडूचे दार बाहेर उघडणारे होते; ओरखडा रेघेच्या आतल्या बाजूला होता.