शेवटच्याची शिट्टी

माझी मावशी साधी भाजी आणायला गेली तरी तिखटमीठ लावून सांगते. ही एकच गोष्ट तिने जशी घडली तशी सांगितली. विश्वास ठेवा, नका ठेवू.

गेल्या थंडीतला शनिवार. डोंगरातलं राष्ट्रीय उद्यान. सकाळी तिने आणि काकांनी पायथ्याचा धबधबा पाहिला, संग्रहालय पाहिलं. मग गाइडबरोबर कड्यावर निघाले.

फाटकापाशीच गाइडने काकांच्या गळ्यात शिट्टी अडकवली. "पुढे मी, शेवटी तुम्ही. धुकं आलं की मी एक लांब शिट्टी मारीन. तुम्ही दोन छोट्या मारायच्या. उत्तर आलं की चालत राहायचं. नाही आलं, तर थांबायचं."

"जन्मभर बस चालवली," काका हसले, "आज कंडक्टर झालो!"

कड्यावर मावशी फोटो काढायला लागली. "अहो, गळ्यातलं ते काढा आधी. पीटीचे मास्तर दिसताय."

तेवढ्यात धुकं आलं.

उतरताना तिला स्वतःचे पायही दिसेनात. गाइडची लांब शिट्टी...

मागून दोन छोट्या.

पुन्हा लांब. पुन्हा दोन छोट्या. मावशीला बरं वाटलं. काका मागे आहेत म्हटल्यावर ती निर्धास्त चालली. एकदा तिने विचारलंही, "गुडघा दुखतोय का हो?"

उत्तर आलं नाही.

फक्त शिट्टी...

फाटकाशी धुकं विरळ झालं. मावशी वळली. मागे कोणीच नव्हतं.

"अहो!"

फोन लावायला तिने पर्स उघडली. हाताला दोरी लागली. फोटोच्या वेळी काकांनी काढून दिलेली शिट्टी. तिनेच आत टाकलेली.

गाइडने शिट्टीकडे पाहिलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "मावशी, आधी फाटकाच्या बाहेर या."

आणि कोणीही न विचारता, वाटेवरून, अगदी जवळून...

दोन छोट्या.

काका संध्याकाळी सापडले. कड्याखालच्या वळणावर, पाय मुरगळलेला, थंडीने कुडकुडत. मावशीचा हात त्यांनी घट्ट धरला. "किती हाका मारल्या गं तुला! पण गाइड शिट्टी मारायचा, आणि मी तोंड उघडायच्या आत माझ्यापुढून कोणीतरी उत्तर द्यायचं. तुम्ही थांबलाच नाहीत."

मावशी तेव्हा रडली. अजूनही तेवढं वाक्य सांगताना तिचा आवाज कातर होतो. उत्तर आलं, म्हणून ती नवऱ्याला सोडून चालत राहिली होती.

आता काका बरे आहेत. ती शिट्टी गाइडने परत घेतलीच नाही, म्हणून मावशीच्या कपाटात कुलपात आहे.

परवा दुपारी दोघं जेवायला बसले होते. गॅसवर कुकर होता. त्याची एक लांब शिट्टी झाली...

आणि बंद दाराबाहेरून, जिन्यातून, दोन छोट्या.

काकांचा घास हातातच राहिला. मावशीने उठून गॅस बंद केला. दार मात्र दोघांपैकी कोणीच उघडलं नाही.

तेव्हापासून मावशी कुकर लावत नाही.