उतारूनं बोलायचं नाही

स्वानंदी सबनीस आणि मानस सॅम्युएल यांची गाठ घालून दिली ती हजेरीपटानं. वाऱ्यानं उडालेली ओढणी नाही, सांडलेली पुस्तकं नाहीत... एका कारकुनानं इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लावलेली सव्वीस नावं, बस्स.

दिल्लीच्या वरच्या अंगाला यमुना दोन प्रवाहांत दुभंगते आणि पुढे पुन्हा एक होते. मधल्या वाळूच्या बेटावर त्यांच्या विद्यापीठाचं एक निवासी सत्र चालायचं, जानेवारी ते एप्रिलअखेर. नदी शिकायची तर नदीत राहून शिका, असा त्यामागचा विचार. बांबूच्या खोल्या, एक स्वयंपाकघर आणि चार नावा. मोबाइल पहिल्याच दिवशी कार्यालयाच्या कपाटात जमा झाले. रविवारी कार्यालयाच्या ओसरीवरच्या फोनवरून प्रत्येकाला घरी बोलायला दहा मिनिटं मिळायची, तीही हजेरीपटाच्या क्रमानं, आणि ज्याची पाळी पुढची त्यानं शेजारी बाकावर येऊन बसायचं. सबनीसनंतर सॅम्युएल.

आता दिल्लीत वाढलेल्या मराठी पोरांना एक खोड असते. मेट्रोत, भाजीवाल्यापुढे, लग्नाच्या मांडवात, कुठेही उभं राहून कुणाबद्दलही खुशाल मराठीत बोलायचं. समोरच्याला कुठे कळतंय! करोल बागेत तीन पिढ्या राहिलेल्या सबनीसांच्या घरात तर ही कला पिढीजात होती. त्यामुळे पहिल्याच रविवारी स्वानंदीनं आईला, म्हणजे सुनीतीबाईंना, सगळा अहवाल देऊन टाकला.

“आई, माझ्या बाजूला ना एक मुलगा बसलाय. दाढी केली तर बिल्कुल हीरो दिसेल यार. पण तोंडाला कुलूप. सॅम्युएल आडनाव आहे, केरळचा असेल.”

शेजारचा मुलगा नदीकडे बघत राहिला. सोमवारी नाश्त्याला तो गुळगुळीत दाढी करून आला. स्वानंदीला त्याचं काही विशेष वाटलं नाही. आपला अंदाज बरोबर निघाला, एवढंच तिनं पुढच्या रविवारी आईला कळवलं.

मग रविवारमागून रविवार गेले. त्याचं हसणं छान आहे, पण कंजूसपणे हसतो. निळा शर्ट त्याला शोभतो. पोहता येत नाही, तरी नावेत सगळ्यांच्या आधी चढतो. काल त्यानं पातेलं घासताना गाणं म्हटलं, अगदी भसाड्या आवाजात. सगळं आईच्या कानावर जात होतं. दोघांचं एकमेकांशी बोलणं मात्र बेतास बात, हिंदीत, तेही डाळ वाढताना नाही तर पाण्याची पातळी मोजताना.

सत्राचे चार आठवडे उरले त्या रविवारी स्वानंदीचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाला एकट्यानं वल्हवत नाव पलीकडच्या काठाला न्यायची होती. ते जमलं नाही तर सत्र नापास, म्हणजे कॉलेजचं अर्धं वर्ष पाण्यात. फेब्रुवारीत तिची नाव मधल्या धारेत गरगर फिरून लव्हाळ्यात जाऊन रुतली होती. काठावर सगळे हसले, आणि सगळ्यात मोठ्यानं हसली ती स्वतः. पण तेव्हापासून ती नावेजवळ फिरकेना. नावेची पाळी आली की ती स्वयंपाकघराची मागून घ्यायची, आणि कुणाला वाटायचं, काय कामसू मुलगी आहे!

“आई, विलासमामाला सांग ना, त्याच्या दवाखान्याच्या कागदावर एक चिठ्ठी लिहून दे म्हणावं. मनगट मुरगळलंय, वगैरे. मला खरंच भीती वाटते गं... इथे कुणाला माहीत नाही.”

विचारते, असं आई म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी मानस स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहिला. आपल्याला सराव करायचाय, नावेत वजनाला कुणीतरी हवं, येशील का, असं त्यानं हिंदीत विचारलं. तिनं त्याला वरून खाली न्याहाळलं.

“सिर्फ वज़न चाहिए तो आटे की बोरी ले जाओ.”

“बोरी बातें नहीं करती,” तो म्हणाला.

ती गेली. न जायला ती काय वेडी होती! पहिले दोन दिवस वल्ही त्यानं मारली. तिसऱ्या दिवशी हात दुखतात म्हणून तिच्याकडे दिली. काठाकाठानं, गुडघाभर पाण्यात, मग जरा आत. वल्हं पाण्यात किती बुडवायचं, धार ओढायला लागली की कुठला हात थांबवायचा, सगळं तो अगदी सहज दाखवायचा. वाळूतल्या मळ्यांतून खरबुजांचा वास यायचा, दूर उंच इमारतींच्या खिडक्या उन्हात चमकायच्या, आणि त्याची बोटं वल्ह्यावरच्या तिच्या बोटांना लागली की दोघंही एकदम पाण्याच्या तापमानाबद्दल बोलायला लागायचे. स्वानंदी खुशीत होती. मुलगा आपल्यावर लट्टू आहे याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती, आणि आपल्याबद्दल तर अजिबातच नव्हती.

दोन आठवडे उरलेल्या रविवारी ती बोलणं संपवून निघाली आणि पाण्याची बाटली बाकावरच राहिली म्हणून परत फिरली. ओसरीवर मानस फोनवर बोलत होता.

“हो गं आई, जेवतोय नीट... ती? ती सबनीस? अगं, डावा हात अजून कच्चा आहे तिचा. पण जाईल पार. जिद्दी आहे भयंकर.”

स्वच्छ, खणखणीत, नगरकडचं मराठी.

स्वानंदी खांबाला धरून उभी राहिली. दाढी... निळा शर्ट... भसाडा आवाज... एकेक रविवार डोळ्यांपुढून गेला आणि प्रत्येकाबरोबर तिचे कान जास्तच तापत गेले. फोन ठेवून तो वळला आणि ती समोर दिसताच जागीच थिजला.

“तुला मराठी येतं,” ती म्हणाली.

“नगरचे आहोत आम्ही. चर्चमध्ये प्रार्थनासुद्धा मराठीत म्हणतो. वडील सरकारी नोकरीत आहेत, कस्तुरबा गांधी मार्गावर क्वार्टर आहे आमचं.”

म्हणजे तिच्या घरापासून मेट्रोची चार स्टेशनं! आणि सॅम्युएल मराठी असू शकतो, हे तिसऱ्या पिढीच्या सबनीसांच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. ही चूक तिची स्वतःची होती, म्हणून राग आणखीच चढला.

“आणि इतके रविवार मूग गिळून ऐकत बसलास?”

“तू पहिल्याच दिवशी दाढीवर बोललीस. त्यानंतर कुठल्या तोंडानं सांगणार होतो? कळलं, उद्या करतो, असं?”

एरवी ती खो खो हसली असती. पण तिला वेगळंच काही टोचत होतं.

“ती चिठ्ठीची गोष्टही ऐकलीस. म्हणून आलास नाव घेऊन. दया आली माझी?”

त्यानं खोटं बोलायला हवं होतं, निदान त्या दुपारपुरतं. पण तो पडला सरळ माणूस.

“सुरुवातीला... हो. थोडीशी.”

ती बाटली उचलून निघून गेली. पुढचे तीन दिवस तिनं त्याच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. गुरुवारी शिध्याच्या नावेतून मामाची चिठ्ठी आली. उजव्या मनगटाला सूज, तीन आठवडे विश्रांती. शिक्क्यासकट. आता ती कार्यालयात नेऊन दिली की सुटका होती. शुक्रवारी ती चिठ्ठी हातात घेऊन ओसरीपर्यंत गेली आणि परत आली. शनिवारीही तेच.

शेवटच्या रविवारी मानस तिच्या शेजारी थांबलाच नाही. तिचा फोन लागताच तो उठला आणि लांब तुतीच्या झाडाखाली जाऊन पाठमोरा उभा राहिला. आता मनमोकळं बोलायला हरकत नव्हती. पण तिला काही सुचेना. ती दहा मिनिटं तिला फार लांब वाटली, आणि तो बाक फार मोठा. हा मुलगा शेजारी नसला तर आपल्याला करमत नाही, हे तिला त्या बाकावर लख्ख कळलं. राग होता, तो होताच, पण त्याच्या खाली हे होतं.

आईनं चिठ्ठीचं विचारलं. अजून दिली नाही, असं ती म्हणाली.

“दे नाही तर देऊ नकोस, तुझं तू ठरव,” सुनीतीबाई म्हणाल्या. “पण दिलीस तर मग मला सांगू नकोस की तू कशालाच घाबरत नाहीस. मी तेवढं खरं धरून चालले होते.”

फोन ठेवून ती तडक कार्यालयात गेली. चिठ्ठी तिनं ओढणीच्या टोकाला बांधून ठेवली होती, ती तिथेच राहू दिली. भिंतीवर परीक्षेची यादी लावलेली होती. नाविकाच्या रकान्यापुढे उतारूचा रकाना होता. कारण परीक्षेत एक माणूस पलीकडे न्यायचा असे, नाविकाच्या पसंतीचा. त्या उतारूनं समोर तोंड करून, हात मांडीवर ठेवून बसायचं. वल्ह्याला हात लावला किंवा एक शब्द जरी बोलला तरी नाविक नापास. बेटावरचे नावाडी नरसिंहजी यांचा हा नियम होता. नाविकानं पाणी ऐकायचं असतं, सल्ले नव्हे, असं ते म्हणायचे.

आपल्या नावापुढे तिनं मानस सॅम्युएल असं लिहिलं, आणि ओसरीवर त्याचा फोन संपताच त्याला सांगितलं.

“बुधवारी, सकाळी आठला. दया वगैरे खोलीत ठेवून ये. काठाला लागेपर्यंत तोंड उघडायचं नाही.”

“सवय आहे,” तो म्हणाला.

मंगळवारी संध्याकाळी आंधी आली. आकाश मातकट झालं, बेटावरचे पत्रे धडधडले आणि चार टपोरे थेंब पडून गेले. बुधवारी सकाळी हवा धुतल्यासारखी होती आणि वर कुठेतरी पाऊस झाल्यानं धार नेहमीपेक्षा जोरात. पलीकडच्या काठावर नरसिंहजी हात मागे बांधून उभे होते. स्वानंदीनं पहिलं वल्हं मारलं.

वल्हवणाऱ्याची पाठ असते जायच्या दिशेला. पुढचं सगळं दिसतं ते समोर बसलेल्या उतारूला. ती मधूनमधून खांद्यावरून मागे बघत होती, पण त्याच्या चेहऱ्याकडे जास्त बघत होती. तो शांत दिसला की ती निर्धास्त व्हायची. असे शंभरेक हात मारून झाले असतील. मग धारेनं नाव धरली. तिच्या हाताखाली पाणी एकदम जड झालं आणि नावेचं नाक वळायला लागलं. त्याच क्षणी मानसची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे गेली, डावीकडे. तिथे काहीतरी होतं.

“काय आहे?” तिच्या तोंडून निघून गेलं.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. आणि मग त्यानं चक्क डोळे मिटून घेतले. हात मांडीवर, पाठ ताठ. देवळात बसावं तसा स्वस्थ.

क्षणभर तिला त्याचा भयंकर राग आला. आणि दुसऱ्या क्षणी तिला कळलं. डोळे उघडे ठेवले असते तर त्याच्या नजरेनं तिला वाट दाखवली असती, आणि नाव थोडीशी त्याची झाली असती. तो तिची कीव करत नव्हता. पोहता न येणारा हा मुलगा — हे सगळ्या बेटाला माहीत होतं — भर धारेत स्वतःला तिच्या हवाली करून बसला होता.

स्वानंदीनं मान वळवून नीट पाहिलं. पाण्यात मळेवाल्यांनी रोवलेला जाड बांबू दहा हातांवर होता. तिनं एक हात थांबवला, दुसऱ्यानं जोर लावला, एकदा, दोनदा, दात ओठ खाऊन तिसऱ्यांदा. नाव कुरकुरली... आणि सरळ झाली. बांबू बाजूनं निघून गेला, हात लावता येईल इतक्या जवळून.

आणि तिला हसू फुटलं. धार मागे पडली होती, वल्ही हलकी झाली होती, आणि समोर एक माणूस होता ज्याला उत्तर द्यायला बंदी होती. अशी संधी पुन्हा कधी यायची!

“ऐक,” ती धापा टाकत म्हणाली. “तू ऐकलंस ते सगळं खरं होतं. दाढीचं, शर्टाचं, सगळं. पण आईलाही न सांगितलेलं एक राहिलंय. मला तू आवडतोस. थोडासा नाही, बिल्कुल नीट आवडतोस. तू ओसरीवरून उठून गेलास तेव्हा कळलं. आता घरी गेल्यावर रविवारची वाट बघणं मला जमणार नाही... चार स्टेशनं आहेत फक्त. मी येईन, नाही तर तू ये. आणि डोळे उघड, एवढा काही वाईट चेहरा नाही माझा.”

त्यानं डोळे उघडले. ओठ घट्ट मिटलेले, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आणि डोळ्यांत जे होतं ते वाचायला तिला कुणाची मदत लागली नाही. उरलेलं अंतर तिनं कसं कापलं ते तिला पुढे कधीच आठवलं नाही.

नाव वाळूला घासून थांबली. नरसिंहजींनी वहीत खूण केली आणि पास, असं म्हणून ते पुढच्या नावेकडे बघायला लागले. मानस मात्र जागेवरून हलला नाही.

“आता बोलायला परवानगी आहे?” त्यानं विचारलं.

“आहे.”

“मग ते मघाचं सगळं परत सांग, पहिल्यापासून. तू बोलत होतीस तेव्हा दर वाक्याला मला मधे काहीतरी म्हणायचं होतं.”

“काय म्हणायचं होतं?”

“मीपण,” तो म्हणाला. “प्रत्येक वेळी तेवढंच.”

स्वानंदीनं वल्ही आत घेतली, त्याचे मांडीवरचे दोन्ही हात आपल्या फोड आलेल्या हातांत धरले आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.