न दिलेला हात

"आत येत नाही मी, ताई. दोन शब्द बोलायचेत, ते इथूनच बोलतो!"

लायमन पायरीवरच उभा राहिला. ज्या घरात त्याचे दुधाचे दात पडले, ज्या घरात त्याने पहिली अक्षरं गिरवली, त्याच घराच्या दारात तो एखाद्या वसुलीवाल्यासारखा उभा होता... आणि आत ओडेला, त्याची थोरली बहीण, कॉफीच्या गरम भांड्याभोवती दोन्ही हात धरून ऊब घेत होती. धावत जाऊन त्याला कुशीत घ्यावं असं तिला किती वाटलं! पण हातांत मोजे नव्हते. तिने घाईघाईने हात एप्रनच्या खिशांत कोंबले.

"बोल की. कॉफी तरी घे."

"कॉफी नको. आज चर्चमध्ये रानकांद्याचं जेवण आहे, मार्लिस येणार आहे. शेवटच्या गाण्याला तू स्वयंपाकघरात पळायचं नाहीस. सगळ्यांसमोर माझ्या बायकोचा हात हातात घ्यायचास. नाही घेतलास तर... तर मला बहीण नव्हतीच असं समजेन!"

"लायमन, अरे..."

"दोन वर्षं झाली, ताई! काय चावते का ती तुला?"

उत्तराची वाट न बघता तो पिकअपमध्ये जाऊन बसला. गाडी वळणाआड गेली तरी ओडेला तिथेच उभी होती. आताशा तिला उभं राहायचाही शीण यायचा, आणि बसायचाही.

किआमिचीच्या डोंगरांत चॉक्टॉ या आदिवासी जमातीची वस्ती होती; तिथल्या त्यांच्या त्या छोट्या चर्चमध्ये प्रार्थना संपली की शेवटच्या गाण्याबरोबर सगळे जण उठत, रांग फिरू लागे आणि प्रत्येक जण प्रत्येकाचा हात हातात घेई. म्हातारी, मुलं, भांडलेले शेजारी... कुणीच सुटत नसे. मनात काय किल्मिष असेल ते त्या हातात सोडायचं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. हात न देणं म्हणजे 'तुझ्याबद्दल माझं मन साफ नाही' असं तोंडावर सांगणं. त्यापेक्षा शिवी परवडली! आणि ओडेला गेली दोन वर्षं शेवटचं गाणं सुरू होताच गुपचूप मागच्या दाराने निघून जात होती. लायमनचं लग्न झालं त्याच सुमाराला हे सुरू झालं, मग लोकांना आणखी काय हवं होतं? भावजय पसंत नाही, दुसरं काय!

खरं काय ते एकट्या ओडेलाला ठाऊक होतं.

आधी थंडीत बोटं पांढरी पडू लागली, मग निळी, मग लाल. पुढे हातांची कातडी ताणल्यासारखी घट्ट झाली, चकाकू लागली. घास गिळताना छातीत अडकू लागला. गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, स्क्लेरोडर्मा. शरीराचं रक्षण करणारी शक्तीच शरीरावर उलटते, कातडी नि मांस यांना बांधून ठेवणारा धागाच जाड नि कडक होत जातो, आणि मग दुखणं कातडीपुरतं थांबेलच असं नाही, फुप्फुसं, मूत्रपिंडं, कुठेही शिरतं. "शहरात मोठ्या डॉक्टरांकडे लगेच जा," असं त्यांनी बजावलं होतं. बोटांसाठी दिलेल्या गोळ्या ओडेला घेत राहिली. शहराचं मात्र 'पुढच्या महिन्यात बघू' असं चाललं होतं.

कारण आजाराचं नाव तिला नवीन असलं, तरी आजार नवीन नव्हता. तिची आई याच दुखण्याने गेली होती!

तेव्हा ओडेलाचं लग्न ठरलेलं होतं, आणि लायमन नऊ वर्षांचा होता. शेवटच्या दिवसांत आईने त्याला जवळ बोलावण्यासाठी आपला तो वाकलेला, लाकडासारखा हात पुढे केला आणि पोर किंचाळत रानात पळून गेलं. संध्याकाळी सापडलं, तोवर आई नव्हती... ओडेलाने लग्न मोडलं, पोराला पदराखाली घेतलं. त्यानंतर कितीतरी वर्षं तो झोपेत दचकून उठायचा. मार्लिसशी लग्न ठरलं तेव्हा तो म्हणाला होता, "आईचं ते दुखणं आईबरोबरच गेलं म्हणून बरं, ताई. ते आपल्या रक्तात असतं ना, तर मी मूल होऊच दिलं नसतं."

त्यानंतर पंधरवड्यात ओडेलाची बोटं पांढरी पडली! आता काय सांगणार ती कपाळ? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणून तिने हातांवर मोजे चढवले, आणि ज्या भावासाठी सारं आयुष्य वाहिलं त्याच्या नजरेतून उतरणंही मुकाट्याने पत्करलं. हे दुखणं भावाच्या लेकरांतही उतरेल का, असं कुठल्याही डॉक्टरला विचारायचा तिला धीर झाला नाही. तिने स्वतःच उत्तर ठरवून टाकलं होतं.

चर्चमागच्या शेडमध्ये बायका सकाळपासून गार पाण्याच्या टबांभोवती बसून रानकांदे निवडत होत्या. हिवाळा सरता सरता चिखलातून उपटलेले ते गवताच्या पात्यासारखे बारीक कांदे, एकेक धुवायचा, एकेक सोलायचा. ओडेला नेहमीप्रमाणे थेट शेगडीकडे गेली आणि अंडी फेटायला उभी राहिली.

"आल्या राणीसरकार!" सिलीन मावशी मोठ्याने म्हणाली. ती कुणाचीच मावशी नव्हती आणि सगळ्यांचीच होती. "आम्ही मेल्या गारठ्यात बोटं गोठवतोय, आणि हिला पाण्यात हात घालवत नाहीत. ते मोजे काय अंगावरच उगवलेत का गं?"

बायका हसल्या. ओडेलाही हसली, पण आता तोंडही पुरतं उघडत नसे, त्यामुळे ते हसू ओठ मुरडल्यासारखं दिसलं. "बघा, नाक मुरडते वर!" मावशी म्हणाली.

प्रार्थना संपली. शेवटचं गाणं सुरू झालं. एके काळी हे गाणं ओडेलाच उचलायची. आता एका ओळीतच दम संपायचा. माणसं उठली, रांग फिरू लागली. ओडेलाने मागच्या दाराकडे पाहिलं. दाराशी लायमन उभा होता, हाताची घडी घालून! आज पळायला वाट नव्हती. हे दयाळा, एवढी घटका पार पडू दे... ती भिंतीला टेकून उभी राहिली.

रांगेतून मार्लिस तिच्यासमोर आली. पोरीचे डोळे आधीच भरलेले होते.

"ताई, माझं काय चुकलं ते तरी सांगा ना! मी मेली वाईट असेन, पण... पण मला दिवस गेलेत, ताई. तिसरा महिना लागलाय. बाळाच्या आत्याने त्याच्यावरही रागच धरायचा का?"

आणि ओडेला मागे सरायच्या आत तिने तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट, अगदी जिवाच्या आकांताने दाबून धरले.

ओडेलाच्या तोंडून अशी किंकाळी फुटली की गाणं तिथल्या तिथे थांबलं!

मार्लिसने घाबरून हात सोडले. तिच्या तळहाताला रक्त लागलं होतं. उजव्या मोज्याच्या टोकाशी लाल डाग पसरत होता. "अगंबाई! काय झालं हे?" म्हणत तिने तो मोजा हलकेच ओढून काढला. आत बोटाच्या टोकाला खोल जखम, आकड्यासारखी वळलेली बोटं, आणि त्यांवर ताणलेली, मेणासारखी चकाकणारी कातडी.

लायमन दारापासून दोन पावलं पुढे आला आणि जागीच खिळला.

"आईचे हात..." तो पुटपुटला. "ताई, हे आईचे हात आहेत!"

सिलीन मावशी लगबगीने आली, स्वतःच्या गळ्यातली लोकरीची शाल काढून तिने ओडेलाचे हात त्यात गुंडाळले आणि हमसाहमशी रडू लागली. "माझ्या जिभेला हाड नाही गं पोरी... मला माफ कर."

बाहेर पिकअपपाशी लायमनचा आवाज चढला. "कोणी सांगितला होता तुला हा शहाणपणा?"

"तुला भीती वाटायची रे. पोरं होऊ देणार नाही म्हणाला होतास..."

"मी काय अजून नऊ वर्षांचा आहे? मला वाटलं, ताईचं मन उडालं आपल्यावरून! दोन वर्षं मी तुला वाईटसाईट बोललो आणि तू ऐकून घेतलंस! एकदा पळून गेलो होतो आईच्या हाताला भिऊन, ते उभ्या जन्मात विसरलो नाही. आणि तू मला पुन्हा तसंच लांब ठेवलंस, ताई! माझ्या पोरांची काळजी तू वाहणार, मग मी आणि मार्लिस कशाला आहोत?"

आपल्या त्यागावर कुणी असं रागावेल, हे ओडेलाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

त्याच आठवड्यात तिघं शहरातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. तपासण्या झाल्या, छातीचे फोटो निघाले, नळीत फुंकून दमही मोजला गेला. मग बाईंनी तिघांनाही समोर बसवलं. मार्लिसनेच पोटावर हात ठेवून विचारलं.

"बाळाला होईल का हे?"

"बहुधा नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्या चॉक्टॉ लोकांत हा आजार इतरांपेक्षा जास्त दिसतो, हे खरं आहे. पण तरीही बहुतेक घरांत तो नसतोच. आईला झाला म्हणून मुलांना होतोच, असंही नाही. तुमच्या घरात दोघींना झालाय, म्हणून लायमनवर आणि बाळावर आपण लक्ष ठेवू. लक्ष ठेवायचं, घाबरून बसायचं नाही."

ओडेला त्यांच्याकडे बघतच राहिली. एवढंच? एवढंसं उत्तर होतं, आणि ते ऐकायला लागू नये म्हणून ती दोन वर्षं...

"आणि ताईचं काय?" लायमनने विचारलं.

बाईंनी क्षणभर ओडेलाकडे पाहिलं. "आजार मुळापासून जात नाही. पण उलटलेल्या शक्तीला लगाम घालणाऱ्या गोळ्या आहेत, त्या आजच सुरू करू. रोज रक्तदाब मोजायचा, एकदम वाढला तर मूत्रपिंडाचा धोका, लगेच यायचं. अंग उबदार ठेवायचं. फुप्फुसं आणखी घट्ट होणं बहुधा थांबेल. जेवढी झालीत तेवढी मात्र परत मिळणार नाहीत. दोन वर्षांपूर्वी आला असतात तर..." त्या थांबल्या. "असू दे. आज आलात, हेही कमी नाही."

लायमनने मान खाली घातली. ओडेलाला दम जाण्याचं तेवढं दुःख झालं नाही, जेवढं त्या खाली गेलेल्या मानेचं झालं.

परतीच्या वाटेवर मार्लिस मागच्या सीटवर झोपून गेली. लायमनने गाडीतला हीटर पूर्ण सोडला होता. स्वतः घामाने निथळत होता, पण काच उघडत नव्हता. शहर मागे पडलं, सपाट रान संपलं, डोंगर सुरू झाले.

"ताई," तो रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "आईला आपण कधी विचारलंच नाही, नाही का? कुठे दुखतंय म्हणून."

"लहान होतास तू."

"आता नाही." "कुठे दुखतं, ताई?"

"काही नाही रे. सवय झालीय."

"सवयीचं नाही विचारलं मी. कुठे दुखतं ते सांग."

ओडेलाने खिडकीबाहेर पाहिलं. मग, कुणाला तरी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखी, अडखळत तिने सुरुवात केली. बोटांच्या टोकांपासून. सकाळी मूठ मिटत नाही तिथपासून. बटणं लावता येत नाहीत म्हणून झगे कसे बदलले, पाव कॉफीत भिजवल्याशिवाय गिळता कसा येत नाही, रात्री उशांचा ढीग करून बसल्या बसल्या कशी झोपते, चर्चमध्ये गाणं सुरू झालं की छातीत काय तुटतं... मधे दम लागला की ती थांबायची. तो वाट बघायचा. सांगता सांगता ती रडू लागली, आणि रडता रडताही सांगत राहिली.

घराचं वळण आलं. पायरीवरचा दिवा दिसला. ओडेलाचं सांगणं अजून अर्ध्यावरच होतं.

लायमनने गाडी थांबवली नाही. घरावरून तो तसाच पुढे गेला, डोंगराच्या रस्त्याने, आणि म्हणाला, "हं... मग?"