शंभर पावलं अलीकडे

भर दुपारी आमच्या डोंगरावर कुणी आवाज करत नाही. शेळीच्या पायांचा पॅनदेव तेव्हा झोपलेला असतो, आणि त्याची झोप मोडली की कळपच्या कळप बिथरून कड्यावरून उधळतात. म्हणून मेंढपाळ पावे बाजूला ठेवतात, आणि मीही माझ्या झऱ्यात डोळे मिटून पडून राहते.

त्या दुपारी मात्र... ठक्. ठक्. ठक्.

मी पाण्याबाहेर डोकं काढलं. उन्हानं रापलेला एक तरुण माझ्याच कपारीवर छिन्नी लावून बसला होता. केसांत दगडाची पांढरी भुकटी, आणि वर ओठांत शीळ!

"ए! जीव नकोसा झालाय का तुला?"

त्याच्या हातातून हातोडी निसटली ती थेट पाण्यात. तो बघतच राहिला. मग हात जोडायचे सोडून म्हणाला, "ती हातोडी... जरा देता का?"

"आधी सांग, कुणाला विचारून फोडतोयस?"

"गावानं पाठवलंय. मी लाम्पोन, पाथरवट. खालच्या विहिरी खारावल्यात, पोरंबाळं आजारी पडतायत. इथून पाट न्यायचाय, देवी."

"आणि झऱ्याच्या मालकिणीला विचारायची पद्धत नाही तुमच्यात?"

"मालकीण कुणी खडूस म्हातारी असेल असं वाटलेलं," तो हळूच म्हणाला. "माहीत असतं तर... निदान तोंड धुऊन आलो असतो."

हसू लपवायला मला बुडी मारावी लागली. वर आले ती हातोडी घेऊनच.

"देवी नको म्हणूस. द्रोसिया म्हण."

त्यानं शिदोरीतलं चीज आणि चार ऑलिव्ह नैवेद्य म्हणून दगडावर ठेवले. मी पाणी दिलं. पोरंबाळांसाठी — असं मी स्वतःला बजावलं.

आम्हा झऱ्याच्या मुलींना एक बंधन असतं. आपलं पाणी जाईल तिथवरच आपण जायचं. चारशे वर्षांत मी त्या कपारीपासून दहा पावलंही लांब गेले नव्हते. आता लाम्पोन रोज पाट थोडा पुढे न्यायचा आणि माझं जग तेवढं वाढायचं. ज्या रानफुलांचा नुसता वास यायचा, ती मी डोळ्यांनी पाहिली. मग रानटी नासपतीचं झाड आलं. त्यानं एक फळ तोडून माझ्या हातावर ठेवलं... आणि हात मागे घ्यायचा विसरला.

"काय झालं?"

"गार आहेस."

"पाणी आहे मी."

"तेच. तहान लागते, एवढंच म्हणत होतो."

मी तोंड फिरवलं, पण गाल माझं ऐकेनात.

"तुझं घर कुठलं?" मी विचारलं.

"ते बघ, अंजिरामागचं. छप्पर एका अंगाला झुकलंय ते."

"पाथरवटाचं घर, आणि झुकलेलं?"

"एकट्याला काय करायचंय सरळ छप्पर? तू आलीस की बघू."

तू आलीस की! त्या तीन शब्दांवर मी कितीतरी दिवस काढले. संध्याकाळी तो उतरून गेला की पाटाच्या टोकाशी बसायची, आणि त्या छपरातून धूर निघेपर्यंत हलायची नाही.

गाव शंभर पावलांवर आलं आणि काम थांबलं. एक दिवस, दोन दिवस... तिसऱ्या दिवशी गावप्रमुख एव्हेनोर तणतणत चढून आला.

"अरे, शंभर पावलं राहिलीत! बायकांनी घडे घेऊन इथवर चढायचं का?"

"चढू दे. इथं कुंड बांधलंय ना," लाम्पोन खाली बघत म्हणाला. "पुढं नेलं तर कुंडही कोरडं पडेल, काका. लिहून ठेवा."

म्हातारा पुटपुटत गेला. मी पाण्यातून उठले.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझी थोरली बहीण भेटली, डोंगरातली. ती म्हणाली, पुढं उभा उतार आहे. पाणी एकदा तिथून ओढलं गेलं की दोन उन्हाळ्यांत वरचा झरा आटणार. आणि मग तू..."

"ठाऊक होतं मला."

त्याचा चेहरा पांढरा पडला. "ठाऊक होतं? आणि तरी रोज म्हणत होतीस, चल पुढं, चल पुढं?"

"दोन उन्हाळे तुझ्या दारात मिळाले असते. चारशे वर्षं कपारीत काढलीत मी, लाम्पोन. दोन उन्हाळे काही कमी नाहीत."

"मला कमी आहेत!" तो ओरडला. छिन्नी फेकली आणि मागे न बघता उतरून गेला.

नऊ दिवस तो आला नाही. कुंडावर बायका यायच्या. घडे बुडवता बुडवता एक म्हणाली, "पाथरवटाला वेड लागलंय. आपलंच घर पाडतोय."

दुसरी म्हणाली, "समुद्राकडं जाणार असेल. इथं आहे कोण त्याचं?"

मी ओठ चावून पाण्याखाली राहिले. त्या छपरातून आता धूरही निघत नव्हता. मुळात छप्परच नव्हतं.

दहाव्या दिवशी गाढवाच्या खुरांचा आवाज आला. पाठीवर वासे, दाराची फळी... आणि मागून घामानं निथळणारा लाम्पोन.

"पाणी घराकडे नेता येत नाही," तो धापा टाकत म्हणाला, "तर घर पाण्याकडे आणायचं. एवढं सुचायला नऊ दिवस लागले बघ."

भिंती कमरेएवढ्या झाल्यावर मी मनातलं बोलले. "तू म्हातारा होशील. मी नाही होणार. तू गेल्यावरही मी इथंच असेन... पाणी वाहतंय तोवर."

त्यानं हातातला दगड भिंतीवर बसवला.

"त्यावर माझ्याकडे इलाज नाही," तो म्हणाला. "मला फक्त दगडाचं काम येतं. पाट चुलीपर्यंत आणलाय. पुढचं... तू ठरव."

मी आत गेले. चारशे वर्षांत पहिल्यांदाच कुणाच्या घरात आले होते — कुठं बसायचं असतं, तेही मला कळेना. त्यानं घोंगडी झटकली, पाटाच्या काठाशी अंथरली आणि म्हणाला, "इथं."